जिराफाच्या मानेत सात हाडं

मातीनं महागूला छातीपर्यंत गिळलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. कटंगीजवळच्या एका शेतात नव्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. तीस फुटांवर एका बाजूची भिंत सुटली आणि खाली एकटाच असलेला महागू उभ्याउभ्या गाडला गेला. हात मोकळे होते, डोकं मोकळं होतं. पण दोरानं ओढायला गेलं की तो किंचाळायचा आणि वरून आणखी माती झरायची.

"दोर सोडा," प्रेमलाल मिस्त्री ओरडला. "पहले भिंतीले पाट्या लावा लागन. नाई तं जो उतरन तोही जाईन."

लाकडी पाट्या आणायला बैलगाडी कटंगीला गेली. गावातला कंपाउंडर सायकलवरून आला, काठावरून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "याले झोपू देऊ नका. बोलत ठेवा."

महागूची बायको अनुसया तोवर धावत पोचली होती. काठ ठिसूळ, म्हणून प्रेमलालनं विहिरीच्या तोंडावर लाकडाची जाड बल्ली आडवी टाकली आणि अनुसया तिच्यावर पालथी झोपून खाली बोलू लागली. घरचं बोलली, आठ वर्षांच्या लेकीचं, साधनाचं बोलली. पण घरचं नाव निघताच महागूचा आवाज ओला झाला. "पोरीले शिकवजो," तो म्हणाला. "शाळा सोडू नको देऊ तिले."

तो निरवानिरव करत होता. हे बोलणं तोडायचं म्हणून अनुसयाच्या तोंडी जे आलं ते ती बोलली, "अवो, जिराफाच्या मानेत किती हाडं असतात, ठावं हाय का?"

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर वस्तीत मोठ्यांची शाळा निघाली, तिथं अनुसया वाचायला शिकली होती. तेव्हापासून किराण्याच्या पुडीचा प्रत्येक कागद ती हातानं सरळ करून वाचायची आणि त्यातलं नवल रात्री जेवताना नवऱ्याला सांगायची. तो हसायचा.

"सात," ती म्हणाली. "आपल्या मानेत बी सातच."

"खोटं," खालून आलं. "एवढी लांब मान!"

तो चिडला होता. चिडलेला माणूस झोपत नाही. अनुसयानं तेच धरलं.

"मिर्ची आपल्या देशातली नाई. चार-पाचशे वर्षांखाली गोऱ्यांच्या जहाजातून आली."

"मंग त्याच्या आंदी भाजीत काय टाकत होते?"

"काळी मिरी."

"काहीबी सांगते."

"टॉर्चच्या सेलात मॅंगनीज असते. आपल्या तिरोडीच्या खदानीत निघते ना, तेच."

"हे असन," महागूनं मान्य केलं.

देशातला पहिला मोठा सिनेमा निघाला, तेव्हा काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलातल्या स्वयंपाक्याला लुगडं नेसवलं. चंद्रावर वारा नाही, म्हणून तिथं उमटलेले पाय तसेच आहेत. समुद्रात आठ पायांचा एक जीव असतो, त्याला तीन काळजं.

"मले एकच हाय," महागू म्हणाला, "अन् तेही दबून राह्यलं."

बारा वाजले, एक वाजला. पाट्या आल्या, दोन गडी कमरेला दोर बांधून उतरले आणि हातभर हातभर भिंतीला पाट्या लावत चालले. अनुसयाचा घसा सोलून निघाला होता. आणि मग तिच्याजवळचे कागद संपले.

"रशियात एक गाय हाय," ती म्हणाली. "तिले घड्याळ समजते."

"कोनत्या कागदात होतं?"

तिनं बल्लीला गाल टेकला.

"खोटं सांगून राह्यली तू."

"हौ. खरं संपलं. आता तुमी सांगा. विहिरीतून दिवसा तारे दिसतात म्हणतात, ते खरं का?"

"तीस विहिरी खोदल्या मी," महागू सावकाश म्हणाला. "एक तारा नाई दिसला."

मग तो बराच वेळ बोलला नाही. ती हाका मारत राहिली. अखेर खालून बारीक आवाज आला, "अनुसया, तारे दिसून राह्यले."

"प्रेमलालभाऊ!" ती अशी ओरडली की बांधावरचे लोक उभे राहिले. प्रेमलाल स्वतः दोर धरून उतरला. पाट्या पुऱ्या लागल्या नव्हत्या. तिघांनी हातांनी माती उपसली. अनुसया बल्लीवर पडून होती. महागूची मान कलली, हे तिला दिसत होतं, पण हाक मारायला आवाजच उरला नव्हता. साडेतीनला त्याला वर घेतलं. डावा पाय गुडघ्याखाली काळानिळा पडला होता.

लाकडं वाहणाऱ्या ट्रकमध्ये घालून बालाघाटला नेलं. वाटभर ती त्याच्या नाकाशी हात धरून बसली. दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं, तर अनुसयाच्या गळ्यातून नुसती हवा आली. नाव प्रेमलालनं सांगितलं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. जीव वाचला होता, पाय गेला होता. अनुसयानं मान हलवली, व्हरांड्यात भिंतीशी बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तिचा आवाज चार दिवस आला नाही.

दीड महिन्यानं महागू कुबड्यांवर घरी आला. विहिरीत उतरणं संपलंच होतं. अनुसया खदानीवर दगड फोडायला जाऊ लागली आणि तो ओसरीत बसून बिड्या वळायला शिकला. पहिल्या पहिल्या बिड्या त्याच्या बोटांत सुटून जायच्या. तो पुन्हा पान उचलायचा.