इंजिनवालीचा पोशाख

मी एक जुना अंतराळपोशाख आहे, मित्रांनो. अंतराळ मात्र मी कधी पाहिलेले नाही. माझे सगळे आयुष्य एका स्टुडिओच्या कपडेपटात गेले. नटनट्यांचे कपडे जिथे शिवतात, इस्त्री करतात आणि काम संपले की टांगून ठेवतात, ती खोली म्हणजे कपडेपट. आमच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर मास्तरांचे शिवणयंत्र. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती. त्यामुळे त्यांचे बोलणे निम्मे ऐकू येई आणि निम्मे समजून घ्यावे लागे.

मला शिवले ते मुलांच्या एका मालिकेसाठी. एक अवकाशयान, त्यात सहा जण, आणि दर आठवड्याला नवे संकट. सहांपैकी पाच पुरुष होते. त्यांचे पोशाख जाड, करड्या कापडाचे होते. दंडावर खिसा, छातीवर खिसा, गुडघ्यावर खिसा, आणि समोर गळ्यापासून खाली येणारी ठसठशीत चेन. माझ्यासाठी वेगळे कापड आले. पातळ, रुपेरी, अंगाला चिकटणारे. मास्तरांनी ते दोन बोटांत धरून पाहिले आणि दिग्दर्शकसाहेबांना विचारले, “साहेब, हे अंतराळात टिकेल का?”

“मास्तर, अंतराळ शेजारच्या हॉलमध्ये आहे,” साहेब म्हणाले. “तिथं पंखासुद्धा आहे. तुम्ही फक्त फिटिंग बघा.”

फिटिंग नीट दिसावे म्हणून माझी चेन पाठीमागे लावली. खिशाने कंबर जाड दिसते म्हणून खिसा एकही ठेवला नाही. माझ्या गळपट्टीलाही मागूनच हुक होते, आणि त्या हुकांत डोक्यावरचा गोल, पारदर्शक टोप अडकवायचा. थोडक्यात, मला घालणाऱ्या बाईला मला एकटीने घालता येत नसे आणि एकटीने काढताही येत नसे.

ती बाई यानावरची यंत्रज्ञ होती. म्हणजे अख्खे इंजिन तिच्या ताब्यात. सगळे तिला इंजिनवाली म्हणू लागले आणि तेच नाव चिकटले. नाटकांत काम करून आलेली, उंच, जरा पुढे वाकून चालणारी. ही भूमिका मिळाल्यावर ती थेट भावाच्या गॅरेजमध्ये जाऊन बसली होती. पाना कसा धरायचा, घट्ट बसलेला नट सोडवताना जोर कुठून लावायचा, नुसत्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, हे सगळे शिकून ती आली. माप द्यायला आली तेव्हा तिच्या नखांत काळे वंगण होते. मेकअपवाल्याने नाक मुरडत ते घासून काढले.

मला पहिल्यांदा घातल्यावर तिने हात कमरेवरून खाली फिरवले, पुन्हा फिरवले आणि विचारले, “मास्तर, पाना कुठं ठेवू?”

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. असे ते क्वचितच करत. “बाई, जागा नाही ठेवलेली. हातातच धरा.”

“आणि दोन्ही हातांनी काम करायचं असेल तेव्हा?”

मास्तरांनी टाचण्या परत तोंडात धरल्या.

तशी वेळ आलीच नाही म्हणा. मालिका सुरू झाली आणि दर भागात इंजिन बिघडू लागले. इंजिनवालीने धावत यायचे, “कप्तान, इंजिन बंद पडलं” असे सांगायचे, पाना कप्तानाच्या हातात द्यायचा आणि बाजूला उभे राहायचे. कप्तान इंजिन दुरुस्त करी. पाना तो उलटा धरी, ते फक्त तिला आणि मला दिसे. मग कुठून तरी एखादा हिरवा, लाळ गाळणारा प्राणी येई आणि तिने किंचाळायचे. किंकाळी मात्र तिची खणखणीत होती. तिच्या बरगड्या अशा फुलत की माझ्या काखेतली शिवण उसवे आणि मास्तरांना ती पुन्हा घालावी लागे.

एकदा तिने साहेबांना सरळ विचारले. “सर, इंजिन मी का नाही दुरुस्त करत?”

“अगं, मग कप्तान काय करेल?”

“यान चालवेल. कप्तान आहे ना तो.”

साहेब हसले. माणूस तसा वाईट नव्हता. सगळ्यांसाठी चहा मागवी, कुणाचे मूल आजारी असेल तर सुटी देई. “मुलांना नायकानं केलेलं आवडतं,” ते म्हणाले. “आणि तू घाबरतेस फार छान. ते काय सगळ्यांना जमतं?”

असल्या कौतुकावर काय बोलायचे असते, ते मला आजही कळलेले नाही. तिलाही कळले नसावे. ती मान हलवून निघून आली.

एके दिवशी तिची भाची शूटिंग पाहायला आली. चौथी-पाचवीतली असेल. ती सगळे नीट बघत होती. मध्ये सुटी झाल्यावर तिने विचारले, “आत्या, घरी तर मिक्सर तूच दुरुस्त करतेस. इथं तुला का येत नाही?”

“इथं मला येत नाही असं ठरलंय,” इंजिनवाली म्हणाली.

“कुणी ठरवलं?”

इंजिनवालीने तिला वेफर्सची पुडी दिली. पोरगी वेफर्स खात राहिली, पण तिचे समाधान झालेले नव्हते. माझेही नव्हते.

आता सांगतो ती गोष्ट वाईट आहे. यानाला आग लागते असा भाग होता. इंजिनखोली म्हणजे फळ्यांची एक अरुंद खोली, एकच दार. वरून मोठे दिवे, खालून धुराचे यंत्र. सहाही जण आत अडकलेले दाखवायचे होते. त्या दिवशी धूर जरा जास्तच झाला. तो माझ्या टोपातही शिरला. मला आतून कळत होते, तिचा घाम पाठीवरून ओघळत होता आणि श्वास तोकडा झाला होता. तिने हात मागे नेला. चेनपर्यंत तो पोहोचला नाही. तिने टोपावर थापा मारल्या, हात हलवले, धुरात दार दिसेना म्हणून फळीवर मुठी आपटल्या.

बाहेरून साहेबांचा आवाज आला. “वा, वा. चालू ठेवा.”

बाकीच्यांनाही धूर सोसवेना. त्यांनी समोरच्या चेनी सर्रकन खाली ओढल्या, टोप भिरकावले आणि खोकत बाहेर पडले. कप्तानही बाहेर पडला. इंजिनवाली खाली कोसळली तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आले की हा अभिनय नाही. दोघांनी तिला ओढून बाहेर काढले. चेन उघडायला गेले तर ती दिव्याच्या उष्णतेने जागच्या जागी चिकटलेली. तेव्हा मास्तर मोठी कात्री घेऊन धावत आले आणि त्यांनी मला पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत उभे कापले. मित्रांनो, कापडाला कात्रीची भीती वाटते. त्या दिवशी मला वाटली नाही. लवकर कापा, एवढेच मला वाटत होते.

ती वाचली. इस्पितळातून परत आल्यावर ती साहेबांसमोर उभी राहिली. आवाज अजून बसलेलाच होता.

“सर, माझी चेन समोर पाहिजे. तोवर मी हा पोशाख घालणार नाही.”

“एका चेनसाठी शूटिंग थांबवायचं?”

“मला माझं मला बाहेर पडता आलं पाहिजे. एवढंच म्हणतेय.”

“दुसऱ्या कुणाची तक्रार नाही गं.”

“दुसऱ्या कुणाची चेन पाठीमागे नाही.”

मास्तर दारात उभे होते. “साहेब, दुपारपर्यंत करून देतो मी. करडं कापडही शिल्लक आहे,” ते म्हणाले.

“मास्तर, तुम्हाला कुणी विचारलं का?” साहेब म्हणाले. मास्तर मान खाली घालून आत आले आणि उगाचच यंत्राला तेल घालत बसले.

दुसऱ्या दिवसापासून इंजिनवालीला बोलावणे आले नाही. मी खुंटीवर लोंबकळत वाट पाहिली. मग एका सकाळी मला उतरवले, पाठीवरची फाट घाईघाईने शिवली, आणि माझ्यात उशा कोंबायला सुरुवात केली. हातांत चिंध्या, पायांत चिंध्या, टोपात एक केसांचा टोप. मला एका फळीवर पालथे निजवले. यंत्रज्ञ शत्रूने फेकलेली उल्का लागून मेली, असे लिहिले होते. कप्तान माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि ढसाढसा रडला. त्याच्या डोळ्यांत घातलेले औषध माझ्या खांद्यावर ठिबकत होते.

तो भाग तुफान गाजला. वर्तमानपत्रांत छापून आले की इंजिनवालीने जाता जाता सगळ्यांना रडवले. ती जिवंत असताना तिच्याबद्दल एक ओळ छापून आली नव्हती. आणि त्या भागात तर ती नव्हतीच. उशा होत्या. पुढचे कितीतरी भाग कप्तान तिच्या मृत्यूचा सूड घेत हिंडला, आणि त्याच्या अभिनयात काय खोली आली म्हणून लोक त्याला नावाजत राहिले. मास्तरांनी कात्रण वाचले, त्याची घडी घातली आणि ते यंत्राच्या डगमगत्या पायाखाली सारले. पाय डगमगायचा थांबला. त्या कागदाचा तेवढाच उपयोग झाला.

मालिका संपल्यावर मला विश्रांती मिळेल असे वाटले होते. पण रुपेरी कापड वाया कोण घालवतो? जादूच्या राज्याचा एक चित्रपट निघाला आणि मला पोटावर कापून लढवय्या राणीचे चिलखत केले. तिच्या सैनिकांना गुडघ्यापर्यंत लोखंडी कड्या आणि हिच्या पोटावर नुसता वारा. “सगळे वार इथंच बसतील की,” ती मुलगी कुडकुडत म्हणाली. “राणीला वार बसत नाहीत,” तिला सांगण्यात आले. ते खरे होते. राणीला शेवटी लढूच दिले नाही, लग्न लावून दिले. त्याच चित्रपटात चेटकीण झालेली बाई आदल्या वर्षी नायकाची आई झाली होती. ती नायकापेक्षा थोडीशीच मोठी होती. “चाळिशीनंतर दोनच दारं,” ती पावडर लावता लावता म्हणाली. “देवघर नाहीतर स्मशान.”

मग मला भूत केले. बाह्या फाडल्या, लाल रंग ओतला. नवऱ्याने विहिरीत ढकललेली बाई भूत होऊन येते आणि एक मांत्रिक तिला बाटलीत बंद करतो, अशी कथा होती. भूत झालेल्या नटीने सगळे ऐकले आणि विचारले, “हिला ढकललं कुणी?”

“नवऱ्यानं.”

“मग बाटलीत मला का घालताय?”

लोक हसले. त्यांना वाटले, ती विनोद करतेय. बाटली मोठी मागवावी लागेल का, असे एक जण म्हणाला आणि सगळे पुन्हा हसले. मला मात्र त्या दिवशी हसू आले नाही. यान असो, राजवाडा असो की विहीर असो, मी जिथे जाई तिथे बाई कुणाला तरी वाचवायला, सूड घ्यायला किंवा बंद करून ठेवायला लागत असे. तिचे स्वतःचे काही काम असते, ते कुणी विचारतच नव्हते.

त्यानंतर मी पेटीत पडलो. मास्तर निवृत्त झाले. मग एक दिवस जुन्या मालिकेच्या आठवणींचा सोहळा ठरला. नव्या शिंपीणबाईंनी मला ठिगळे लावून कसेबसे उभे केले. मंचावर कप्तान होता, पोट सुटलेला. साहेब होते, काठी घेऊन. आणि इंजिनवाली होती. केस पांढरे, नखांत तेच वंगण. भावाचे गॅरेज आता ती आणि भाची मिळून चालवतात, असे तिने सांगितले. निवेदकाने ते ऐकल्यासारखे केले आणि मला तिच्या हातात देत म्हणाला, “ताई, ती प्रसिद्ध किंकाळी एकदा होऊन जाऊ दे. मुलं वाट बघतायत.”

“नाही,” ती म्हणाली.

“एकदाच, ताई.”

“मुलांना मी दुसरं दाखवते.” तिने मला उलटे केले, पाठीवरची लांब फाट सभागृहाकडे धरली आणि त्या दिवशी काय झाले ते सांगितले. आवाज चढवला नाही, कुणाला शिवीही दिली नाही. कप्तान बुटांकडे बघत होता. साहेब म्हणाले, “मला वाटलं होतं, ती अभिनय करतेय.”

“माहीत आहे, सर,” ती म्हणाली. “मी किती छान घाबरते, हे तुम्हीच सांगितलं होतं.”

“आपण एक छोटीशी विश्रांती घेऊ,” निवेदक म्हणाला.

सोहळा टीव्हीवर दाखवला तेव्हा तो भाग त्यात नव्हता. इंजिनवाली येते, नमस्कार करते, आणि लगेच गाणे सुरू होते. कपडेपटाच्या पहारेकऱ्याने तो कार्यक्रम लावला होता, म्हणून मला कळले. मी पेटीच्या झाकणातून सगळा ऐकला. मला फार राग आला. पेटीतल्या कापडाने राग काढायचा तरी कुणावर?

म्हणून तुम्हाला सांगतो आहे. मला जपा, वर्षातून एकदा ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, असे माझ्यासारखे जुने कपडे सांगतात. मीही सांगतो. पण मी फाटलो तरी हरकत नाही, कापड फाटतेच. तुमच्यापैकी कुणी उद्या गोष्टी लिहील, कुणी चित्रपट काढील, कुणी नुसतेच अंगणात यान-यान खेळेल. तेव्हा गोष्टीत एखादी बाई आली, तर ती येण्याआधी काय करत होती ते तिला विचारा. जे करत असेल ते तिला पुरे करू द्या. आणि मध्येच राक्षस आला, तर त्याला जरा दारात थांबायला सांगा.