झाम्फिरा आजीचा टोप

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. जुना म्हणून तोंड वाकडं करू नका हं! अजूनही माझ्यात तीस माणसांचा मसालेभात आरामात शिजतो.

माझा जन्म रोमानियातला. रोमा जमातीतल्या दूमित्रू नावाच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं, आतून कल्हई केली. त्याच्या घोडागाडीला लटकून मी गावोगाव हिंडायचो. काय रुबाब होता माझा!

मग दुसरं महायुद्ध आलं. नाझींच्या बाजूनं लढणाऱ्या तिथल्या सरकारनं हजारो रोमांना दूर बूग नदीकाठी हाकललं आणि उपाशी मरायला सोडलं. दूमित्रूची मुलगी लीना माझ्यात बर्फ वितळवून गवत उकळायची. तिचे आईवडील गेले, दोन्ही भाऊ गेले. युरोपभर लाखो रोमा असे मारले गेले. कुठे भुकेनं, कुठे गोळ्या घालून, कुठे विषारी वायूनं. लीना मात्र वाचली. तिची मुलगी म्हणजे आमची झाम्फिरा आजी.

आजी युक्रेनमध्ये ओडेसाला राहायची. तिथेही लढाई आली, तेव्हा तिनं कपड्यांची बॅग सोडली, पण मला सोडलं नाही. आता आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, तिच्या नातवाकडे राहतो. शेजारी वीणा काकू आणि त्यांची मुलगी सई.

सईच्या रविवारच्या मराठी शाळेत ‘आमचे शेजारी’ असं प्रदर्शन होतं. सईनं मला न्यायचं ठरवलं आणि माझी गोष्ट शाळेत सांगितली. पण प्रदर्शनाची व्यवस्था बघणारे शशिकांत काका म्हणाले, “रोमांचा वंशसंहार? अगं, व्हॉट्सॲपवर आलंय, असं काही झालंच नव्हतं. त्यांना नुसतं शिफ्ट केलं होतं. प्रूफ काय?”

“दॅट्स नॉट ट्रू, काका!” सई म्हणाली. “टोपावर लीनाच्या चुलीची काजळी आहे. आजींनी ती कधी वॉशच केली नाही.”

“बरं, आण. बघू.”

आता गंमत ऐका. रविवारी सकाळी वीणा काकू मला घरी घेऊन गेल्या. दुसऱ्याचं भांडं असं काळंकुट्ट चारचौघांत न्यायचं? छे! त्यांनी चिंच-मीठ घेतलं आणि मला असं घासलं, असं घासलं, की माझ्यात त्यांचा चेहरा दिसायला लागला. सई उठून आली आणि किंचाळलीच, “आई! तेच तर प्रूफ होतं!” काकूंचा चेहरा पडला. मलाही वाटलं, आता आजीचं कोण खरं मानणार?

काकू रडवेल्या होऊन मला परत घेऊन आल्या. आजीनं मला पाहिलं, क्षणभर माझ्यावरून हात फिरवला आणि खो खो हसत सुटली! मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, “माझे आजोबा तांबट! इतका काळा टोप बघून मलाच ओरडले असते. काजळी गेली, पण मी आहे ना? मी येते.”

शाळेत आजीनं सगळं सांगितलं. सई मराठीत सांगत गेली. शेवटी आजीनं गेलेल्या चौघांचं एकेक नाव घेतलं. दूमित्रू. साफ्ता. स्तेवो. यांकू.

शशिकांत काकांनी हळूच विचारलं, “त्यांना पुरलंय कुठे, आजी?”

“ते कळलं असतं तर तिथे फुलं वाहिली असती,” आजी म्हणाली. “म्हणून नावं सांगते.”

काकांनी मला उचलून मधल्या टेबलावर ठेवलं आणि माईक घेतला. “मी न तपासता बोललो. आजी, सॉरी. मुलांनो, आजींच्या मागोमाग म्हणा.” मुलांनी ती नावं इतक्या मोठ्यानं म्हटली की शेजारच्या हॉलमधली माणसं धावत बघायला आली! आजी हसत होती आणि डोळेही पुसत होती. दुपारी माझ्यात मसालेभात शिजला. मी तर हवेतच होतो.

तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना खुशाल घासा, पण आम्हाला घेऊन आलेल्या माणसांचं आधी ऐका. आणि कोणी ‘असं काही झालंच नाही’ म्हणालं, तर गप्प बसू नका. लीनाचा भाऊ यांकू गेला तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. त्या रविवारी बालवर्गातली पोरं त्याला हाका मारत होती.