मंत्र्यांच्या उपस्थितीत प्रार्थना

ज्यू लोकांच्या सिनेगॉगच्या फाटकावर कोणीतरी काळा रंग फासून गेलं, त्याला आठवडा झाला होता. रंग फासणारा पोलिसांना सापडला नाही, पण फासलेला रंग मंत्र्यांना बरोबर सापडला. निवडणूक जवळ आली की मंत्र्यांची नजर अशी तीक्ष्ण होते. त्यांच्या कचेरीतून सिनेगॉग सांभाळणाऱ्या पप्पांना फोन आला, साहेब धीर द्यायला येताहेत. पप्पा म्हणाले, धीर आहे आमच्याकडे, रंग काढायला टर्पेंटाइन असेल तर पाठवा. पलीकडचा सचिव हसला, दिवस सांगून मोकळा झाला आणि वर म्हणाला, साहेब येईपर्यंत रंग तेवढा पुसू नका, फोटोत दिसायला हवा.

तो दिवस नेमका आईच्या, म्हणजे पप्पांच्या बायकोच्या, पुण्यतिथीचा निघाला.

पप्पांकडे सिनेगॉगची किल्ली असे आणि किल्लीबरोबर येणारी सगळी डोकेदुखीही. गळकं छत, दिवे, आलेल्यांच्या टोप्या, न आलेल्यांच्या सबबी. त्यांची एकुलती एक मुलगी एका सायंदैनिकात उपसंपादक होती. तिथं शिपायापासून संपादकापर्यंत सगळे तिला ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या नीट करून ताईचे डोळे आणि उत्साह दोन्ही अधू झाले होते. आपले लोक पेपरात तीनदाच येतात, असं ती म्हणे. कोणी फाटकाला रंग फासला की, मंत्री तो रंग बघायला आले की, आणि जगात कुठंतरी लढाई पेटून ‘तुमच्या लोकांचं यावर काय म्हणणं’ असं विचारायला कोणी माणूस लागला की. छत गळतंय म्हणून कोणी येत नाही.

मेलेल्या माणसासाठी म्हणायची त्यांची एक प्रार्थना आहे, कद्दिश. तिच्यात मरणाचं अवाक्षर नाही, नुसती देवाची स्तुती आहे. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. आपल्यातले दहा पुरुष लागतात. नऊ साधू जमले तरी चालत नाही आणि दहा चोर जमले तरी चालतं, असं पप्पा हसून सांगत. हसून सांगण्यासारखं आता फारसं उरलं नव्हतं, कारण शहरात त्यांचे पुरुष होते जेमतेम दहा. बाकीचे मुलाबाळांमागे देशोदेशी गेलेले. एकाला सर्दी झाली तरी देवाचं काम अडे. ताई बाई असल्यामुळे मोजणीत धरली जात नसे. त्यावरून ती ऐन उमेदीत पप्पांशी कडाकडा भांडली होती, आणि पुढं थकून गप्प बसली होती.

मोजणीचीही एक रीत होती. माणसांवर आकडे लावायचे नाहीत, माणूस म्हणजे शेळ्यामेंढ्या नव्हेत. म्हणून धर्मग्रंथातली दहा शब्दांची एक ओळ घ्यायची आणि एकेकाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. ओळ पुरी झाली की प्रार्थना सुरू करायची. नाही झाली तर दाराकडे बघत बसायचं.

त्या सकाळी पप्पा दाराकडेच बघत होते. नऊजण आले होते. औषधवाले काका यायचे होते. काका पप्पांहूनही म्हातारे, औषधांचं दुकान कधीच विकून बसलेले, पण सकाळच्या प्रार्थनेला काठी टेकत वेळेआधी हजर होणारे. आज त्यांना कोपऱ्यावर पोलिसांनी कठडे लावून अडवून धरलं होतं. साहेब येताहेत, आजोबा, ते गेले की सोडतो.

साहेब आत आले ते फोटोवाला, सचिव, चार अंगरक्षक आणि अत्तराचा घमघमाट घेऊन. डोक्यावर टोपी हवी, असं कोणीतरी सांगितलं. सचिवानं खिशातून कोरी टोपी काढली. मंत्र्यांनी मोबाइलमध्ये बघून ती दोनदा सारखी केली. मग ते नऊ माणसांच्या मधोमध उभे राहिले आणि चेहरा दुःखी केला. चेहरा चांगला जमला होता, सवय असणार.

पप्पांनी मोजायला सुरुवात केली. संथ, जड आवाजात, माणसामाणसाकडे बघत एकेक शब्द. मंत्र्यांनी लगेच हात जोडले, डोळे मिटले. नऊ शब्द झाले आणि पप्पा थांबले. दाराकडे पाहिलं. काका मागल्या दारानं आलेही असतील या आशेनं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मंत्र्यांचे ओठ आता हलायला लागले होते. फोटोवाला गुडघ्यावर बसून फोटो काढत होता. तिसऱ्या खेपेला मंत्र्यांच्या मिटल्या डोळ्यांतून खरोखरच एक थेंब आला. वर बायकांच्या सज्जात उभ्या ताईला हसू आवरेना. नुसती हजेरी चालली होती आणि साहेब रडत होते! मग तिनं खाली पप्पांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू जिथल्या तिथं विरलं.

पप्पा सचिवाला बाजूला घेऊन म्हणाले, “आमचा एक माणूस तुमच्या कठड्यापाशी उभा आहे. म्हातारा आहे. तेवढा आत सोडा, आमचं काम होईल.”

“अहो, सुरक्षेचा नियम आहे. साहेब निघाले की लगेच.”

“साहेब निघेपर्यंत आमची माणसं कामाला निघतील.”

“एक कमी पडतोय ना? मग साहेबांना धरा की दहावे! माणूस तो माणूस.”

“साहेब फार मोठे आहेत हो,” पप्पा म्हणाले. “आम्हाला आपला आमच्यातलाच लागतो, साधा.”

बाहेर पायरीवर मंत्र्यांसमोर माइक आले. काळा रंग मागे नीट दिसेल असे ते उभे राहिले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, “ते नऊच होते. मी दहावा झालो. आम्ही एकत्र प्रार्थना केली.” बातमीदारांनी ते जसंच्या तसं टिपून घेतलं. प्रार्थना झाली का, हा जो प्रश्न आत जाऊन एका वाक्यात सुटला असता, तो विचारायला कोणीही आत गेलं नाही. गाड्यांचा ताफा निघाला. बसचा ड्रायव्हर, शाळेतले गुरुजी, पाळीवर जाणारे दोघं भाऊ, सगळे घड्याळाकडे बघत उठले. कठडे निघाले तेव्हा काका कोपऱ्यावर नव्हते. उभं राहून पाय भरून आल्यावर ते घरी परतले होते.

“दुपारच्या प्रार्थनेला या रे सगळे,” पप्पा एकेकाचा हात धरून म्हणाले. “सूर्य मावळेपर्यंत तिचाच दिवस आहे.” ताईला म्हणाले, “काका येतीलच. आपल्यावाचून घोडं अडलंय हे त्यांना माहीत आहे.” आणि जरा थांबून, “तुमच्या पेपरात एक कर. झालं नाही ते झालं म्हणून छापू नका. एरवी मी काही म्हणत नाही. पण आज तुझ्या आईचं आहे.”

ताईनं मान हलवली. पप्पांनी आयुष्यात तिच्या पेपराबद्दल मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

कचेरीत पोचली तर बातमी तिच्याआधी येऊन बसलेली. ‘मंत्री झाले दहावे!’ असा मथळा बातमीदारानंच देऊन ठेवला होता, उद्गारचिन्हासकट. सोबत मिटल्या डोळ्यांचा फोटो. ताई तडक संपादकांच्या खोलीत गेली आणि झालं ते सांगितलं. संपादक वाईट माणूस नव्हते. ते पोट धरून हसले, मग डोळे पुसून म्हणाले, “ताई, काय फर्स्ट क्लास किस्सा आहे! पण छापायचा कसा?”

“झाला तसा. मंत्र्यांमुळे रस्ता बंद, म्हणून दहावा माणूस पोचला नाही, म्हणून प्रार्थना झाली नाही. तीन वाक्यं आहेत.”

“आणि उद्या लोक काय म्हणतील? माणूस धीर द्यायला गेला आणि यांनी त्याच्याच नावानं खडे फोडले. पाहुणा चालला नाही यांना. आपलं काय जातंय, पेपर शिव्या खायलाच असतो. पण उलटेल ते तुमच्या माणसांवर. फाटक तुमचं आहे, ताई.”

ताईला याचाच राग आला, की ते खरं होतं. खरं बोलायची चैन ज्यांना परवडते त्यांची फाटकं वेगळी असतात. आपण पाहुण्याचे आभार मानावेत, फोटोत उभं राहावं आणि रंग आपणच खरवडून काढावा. हे तिनं आजोबांकडून ऐकलं होतं, पप्पांकडे पाहिलं होतं आणि आता स्वतः टेबलाशी बसून करत होती.

“मग बातमीच नको,” ती म्हणाली.

“बाकी सगळ्यांकडे असणार. आपल्याचकडे नसली तर मालक मला विचारतील.” संपादक पुढं झुकले. “त्यापेक्षा तुझ्या आईचं टाकू. पत्नीच्या स्मरणार्थ वृद्धाची प्रार्थना, शेजारी मंत्री. वाचकांच्या डोळ्यांत पाणी.”

“आईचं नाव येणार नाही.”

“बरं, नाही येणार.”

“आणि ते ‘दहावे’ काढा. ते निव्वळ खोटं आहे.”

“काढू. मग मथळा तूच दे. पण प्रार्थना हा शब्द हवा. फोटोत माणूस हात जोडून उभाय, खाली भेट म्हणून कसं चालेल?”

बाहेरून पानं जुळवणारा ओरडत होता, ताई, पान अडलंय. खाली छपाईवाले खोळंबले होते. आणखी तीन पानांचे मथळे टेबलावर पडून होते आणि सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणत ताई मशीनसमोर बसली. आईचं नाव वाचलं, दहावे गेले, एवढं तर मिळवलं. तिनं लिहिलं, ‘मंत्र्यांच्या उपस्थितीत सिनेगॉगमध्ये प्रार्थना’. ओळीत छान बसलं. प्रार्थना झाली असं कुठं म्हटलंय, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं आणि पान सोडलं. असल्या हजार पळवाटा तिनं इतरांच्या बातम्यांतून हुडकून काढल्या होत्या. आज स्वतःची बांधली. रात्रीपर्यंत त्याची रद्दी होते, हे या धंद्यातलं एकमेव समाधान.

दुपारी ती सिनेगॉगला गेली. ड्रायव्हर पाळी बदलून आला होता, गुरुजी शेवटचा तास सोडून. ते दोघं भाऊ मुकादमाच्या शिव्या खाऊन आले होते. मंत्री-संत्री कोणी नसताना ती नऊ माणसं त्या खोलीत किती बरी दिसत होती! पप्पांनी ओळ म्हटली आणि नवव्या शब्दावर थांबले. काका नव्हते. सगळे दाराकडे बघत बसले. खिडकीतलं ऊन बाकांवरून भिंतीवर चढलं. ताईनं सज्जातून खाली येऊन काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

“झोप लागली असेल त्यांना,” पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, राग नव्हता. “जाऊन घेऊन येतेस का?”

इस्पितळामागच्या चढावर काकांचं घर होतं. गाडी चौकात अडकली तेव्हा ताई उतरली आणि उरलेलं अंतर धापा टाकत चालली. दारावर हातानं, मग मुठीनं वाजवलं. खूप वेळानं काकांनी दार उघडलं. अंगात बाहेर जायचा शर्ट, पायांत घरातल्या सपाता.

“अगं पोरी, तू? पप्पा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. सगळे तुमच्यासाठी थांबलेत, काका!” काकांना कमी ऐकू येई, म्हणून ती मोठ्यानं म्हणाली.

“माझ्यासाठी? पण सकाळी झालं ना?”

“नाही झालं.”

काका आत वळले आणि टेबलावरचा पेपर घेऊन आले. “हे काय मग? मला अडवल्यावर मी म्हटलं, आता दुपारी जायचं. अगदी बूट घालून बसलो होतो बघ. तेवढ्यात पेपर आला. वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, मिळाला कोणीतरी दहावा, देवानं धाडला असेल कुठून तरी. कोण मिळाला, हाच विचार दुपारभर करत होतो.”

“कोणी नाही मिळाला, काका. पेपरात येतं ते सगळंच काही खरं नसतं.”

“ते मला शिकवतेस होय? पेपरवाल्यांवर मी कधीच विश्वास ठेवत नाही,” काका म्हणाले. “पण तुझे पप्पा सगळ्यांना सांगत असतात ना, या पेपरात माझी मुलगी बसते, तिच्या हाताखालून खोटं जात नाही. म्हणून काढले बूट.”

समोरच्या इस्पितळात दिवे लागले होते. छपरावर मघाशी दिसलेलं ऊन गेलं होतं. तिकडं नऊ माणसं अजून दाराकडे बघत असतील आणि पप्पा त्यांना सांगत असतील, येईल, येईल, ताई गेलीय आणायला. काका वाकून दारामागची काठी शोधत होते.

“मथळा मी दिलाय, काका,” ताई म्हणाली.

“काय म्हणालीस?” काकांनी मान तिरपी करून चांगला कान तिच्यापुढं केला. “जरा मोठ्यानं सांग, पोरी. ऐकू नाही आलं.”

ताईनं शेजारची दारंही उघडतील एवढ्या मोठ्यानं ते पुन्हा सांगितलं.