प्रणिताच्या जागी

आखातातल्या त्या भारतीय शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये मोजून नऊ मुली होत्या, आणि त्यांची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, होती अंतरा. जगन्नाथ सरांनी या मुलींना सातवीपासून घडवलं होतं. मैदान कडक मातीचं, ग्लव्ह जुने. उसवले की सर स्वतः दाभण घेऊन बसायचे. अंतराचे बॉल झेलायची प्रणिता. ती शहरातल्या रिग्गई भागात अंतराच्याच इमारतीत, दोन मजले खाली राहायची. दोघींना खेळताना एकमेकींशी बोलावंही लागत नसे.

अकरावीत अंतराच्या बाबांनी तिला शहराबाहेर अहमदीतल्या सॉफ्टबॉल क्लबमध्ये घालायचं मनावर घेतलं. बाबा, म्हणजे धैर्यशील, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि एकदा ठरलं म्हणजे ठरलं असा त्यांचा खाक्या.

"शाळेच्या टीमला कोण विचारतंय? क्लबचे व्हिडिओ अमेरिकेतली कॉलेजं बघतात."

"पण बाबा, दोन्हीकडे खेळता येत नाही, क्लबचा रूल आहे. मी गेले तर शाळेत आठच उरतील."

"उरू देत. तू काय त्यांचा मक्ता घेतलायस?"

अंतरा गेली. खरं तर तिलाही जायचंच होतं. तिथलं हिरवं मैदान, पाठीवर नाव छापलेला टी-शर्ट, सगळंच तिला हवं होतं. सरांनी आठवीतली एक मुलगी आणून कसेबसे नऊ पुरे केले.

क्लबमध्ये ती तीन आठवडे नुसती बेंचवर बसून राहिली. मग क्लबने सराव सामन्यासाठी शाळेच्या टीमला बोलावलं, आणि कोच हमजा पहिल्यांदाच तिच्या शेजारी येऊन बसला.

"तू या मुलींना ओळखतेस. कोण कुठे कच्ची आहे, सांग बघू."

अंतराने एकेकीचं सांगितलं. हमजा मान डोलवत लिहून घेत होता. आपलं कुणीतरी ऐकतंय, याचंच तिला इतकं बरं वाटलं की जीभ थांबेना. शेवटी प्रणिताचं नाव आलं.

"झेलताना तोंडावर जाळी असते, पण बॅटिंगला तिला तोंडाजवळ आलेला बॉल सहन होत नाही. लहानपणी बॉल लागून दात पडला होता. ती बाजूला होत नाही, घाबरून हात वर करते."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण हमजाने तेही लिहून घेतलं होतं.

"शाब्बास," तो म्हणाला.

शुक्रवारी सामना झाला. प्रणिता बॅटिंगला आली तसा क्लबच्या पिचरने बॉल थेट चेहऱ्याच्या उंचीवर टाकला. प्रणिताचे हात वर गेले. बॉल आणि बॅट यांच्यामध्ये तिची दोन बोटं चिरडली. तो आवाज बेंचपर्यंत आला. सर तिला गाडीकडे नेत होते तेव्हा तिने वळून अंतराकडे पाहिलं. त्या दाताची गोष्ट तिने आजवर एकीलाच सांगितली होती.

पुढच्या आठवड्यात क्लबच्या पक्क्या टीमची यादी लागली. तीत अंतराचं नाव नव्हतं. "पुढच्या सीझनला बघू," हमजा फोनवरून नजर न उचलता म्हणाला.

अंतरा खाली मान घालून जगन्नाथ सरांपुढे उभी राहिली.

"प्रणिताची जागा रिकामी आहे," सर म्हणाले. "ये."

एकाही मुलीने हरकत घेतली नाही. अंतराला वाटलं, सुटले.

आंतरशालेय स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात प्रणिता हाताला प्लास्टर घालून सरांच्या शेजारी बसली होती. अंतराचा पहिलाच बॉल टोलवला गेला आणि सरळ एका मुलीच्या पायाशी आला. ती त्याच्याकडे बघत राहिली. बॉल तिच्या दोन पायांमधून निघून गेला. चुकली असेल, अंतराला वाटलं. पुढचा दुसरीच्या समोर पडला. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. तिसऱ्या वेळी अंतराच्या लक्षात आलं.

मग तिने ठरवलं, बॅटला बॉल लागूच द्यायचा नाही. जीव खाऊन टाकलेले तीन बॉल बॅटरला टोलवता आले नाहीत. पण तिसऱ्याला आता कॅचर असलेल्या ज्ञानदाने ग्लव्ह बाजूला घेतला. बॉल कुंपणापर्यंत गेला, आणि तिसरा बॉल झेलला गेला नाही तर बॅटर बाद होत नाही, या नियमाप्रमाणे ती धावत पहिल्या बेसवर पोचली.

अंतरा सरांकडे आली. "सर, प्लीज, मला बाहेर काढा."

सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "जा. टाक."

"नीट टाक हं," प्रणिता म्हणाली.

समोरच्यांचे पंधरा रन झाले तेव्हा अंपायरनेच एकतर्फी म्हणून सामना थांबवला. तोवर अंतरा बाहीने नाक पुसत बॉल टाकत होती. स्पर्धेतून बाहेर पडलेल्या आठ मुली हसत हसत बसकडे निघाल्या. प्रणिताची बॅग ज्ञानदाने खांद्यावर घेतली होती. बारावीत खेळ बंद व्हायचे, म्हणजे आठवीतली सोडली तर सगळ्यांचं हे टीममधलं शेवटचं वर्ष होतं, आणि ते त्यांनी आपल्या हाताने मातीत घातलं होतं.

धैर्यशीलनी गाडी सुरू केली.

"बघितलंस? असल्या गावंढळ टीममध्ये हे असंच होणार. पुढच्या सीझनला क्लबची ट्रायल पुन्हा द्यायची."

अंतराने सीटबेल्ट लावला.

"हो, बाबा," ती म्हणाली.