प्लगवरचे तीन ठिपके

न सुटणाऱ्या नटाशी माझं जुनं वैर आहे. तीस वर्षांत एकही नट, बोल्ट किंवा प्लग माझ्यापुढे टिकलेला नाही, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्यामुळे दादा वरून म्हणाला, "राहू दे रे, नाही सुटत तर," तेव्हा मला आधी त्याचा रागच आला.

मी गॅरेजच्या खड्ड्यात उभा होतो आणि डोक्यावर जावयाची व्हॅन होती. जावई म्हणजे दादाचा, छकुलीचा नवरा. छकुली माझी पुतणी. आता स्वतः आठ महिन्यांच्या मुलीची आई आहे, पण घरातलं नाव काही सुटलं नाही. जावयाने महिन्यापूर्वी ही व्हॅन तिसऱ्या की चौथ्या मालकाकडून घेतली होती आणि दारावरचं बेकरीचं नाव झाकून हौसेने वर निळा रंग चढवला होता. दुपारी जेवून तिघं निघणार होते, घाट उतरून पलीकडे, तिच्या सासरी. "निघायच्या आधी गिअरबॉक्सचं तेल तेवढं बदलून द्या," एवढंच त्याचं म्हणणं. खालचा प्लग काढायचा, जुनं तेल सोडायचं, नवीन भरायचं. अर्ध्या तासाचं काम.

खरं तर सकाळी दादाच आधी खड्ड्यात उतरला होता. जावयासमोर गाडीचं तोंडभरून कौतुक करत उतरला आणि वर आला तो गप्प. नळावर बराच वेळ हात धूत राहिला, आणि त्याने तर खाली कशाला हातही लावला नव्हता. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "तेल चांगलं आहे. वरून थोडं भर आणि सोड गाडी."

"न काढताच चांगलं?"

"वासावरून कळतं."

घरी दूध करपून पातेलं काळं झालं तरी ज्याला पत्ता लागत नाही, तो माणूस गिअरबॉक्सचा वास घेऊन मला शिकवत होता. मी पान्हे उचलले आणि उतरलो.

तेल भरायचा वरचा प्लग आधी खोलून बघायचा, मगच खालच्याला हात लावायचा, हे मला दादानेच शिकवलंय. खालून सगळं सोडून दिलं आणि नंतर वरचा उघडलाच नाही, तर गाडी रिकाम्या पोटी बसून राहते. वरचा मुकाट्याने निघाला. मी आत बोट घातलं आणि तेल चोळून बघितलं. काळं होतं, दाट होतं, आणि बोटांमध्ये काहीतरी खरखरत होतं. लोखंडाचा चुरा असला तर टोचतो. हे टोचत नव्हतं.

खालचा मात्र हलेना. प्लगमधलं षट्कोनी चावी बसायचं भोक कुणीतरी घासून गुळगुळीत केलं होतं, चावी आत नुसती गरगर फिरायची. गंज सोडवायचं तेल मारून वाट बघितली, हातोड्याने ठोकून बघितलं. काही नाही. वैतागून मी तारेच्या ब्रशने कडेचा चिखल खरवडला, आणि प्लगच्या काठावर तीन ठिपके दिसले.

प्लग आपोआप सैल होऊ नये म्हणून काठावर पंच, म्हणजे जाड टोकदार खिळा, ठेवून हातोडा मारतात. कुणी एकदा ठोकतो, कुणी समोरासमोर दोनदा. एकमेकांना खेटून, एका ओळीत तीन ठिपके पाडणारा एकच माणूस मला माहीत आहे. मी पोरवयात त्याला विचारलंही होतं, तीन कशाला? तर म्हणाला होता, मला बरं वाटतं.

खड्ड्यातून वरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. दादाचे बूट अगदी काठाशी होते.

"दादा, ही गाडी आधी कधी आपल्याकडे आली होती?"

बुटांनी जागा बदलली. "नाही."

"नक्की?"

"हजार गाड्या येतात इथे. नाही म्हटलं ना."

दादा चिडतो, ओरडतो, पण माझ्याशी खोटं बोललेला मला आठवत नव्हता.

तेवढ्यात जावयाचे पांढरे बूट आले. "काका, फार त्रास देत असेल तर राहू द्या. आल्यावर बघू. उजेडात घाट उतरलेला बरा."

"मी तेच म्हणतोय कधीचा," दादा म्हणाला.

मागोमाग छकुलीच्या चपला आल्या. कडेवरचं बाळ हुंकारत होतं. "बाबा, जाऊ ना आम्ही? तुम्ही हो म्हटलंत की मला दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही."

"हो. जा की," दादा म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला, जणू सकाळी खड्ड्यात उतरलाच नव्हता. मी मोठ्याने सांगितलं, "अर्धा तास द्या मला. तोवर जेवून घ्या." पांढरे बूट आणि चपला घराकडे गेल्या. दादाचे बूट तिथेच राहिले.

मी छिन्नीने तिन्ही ठिपके उडवले. गॅसची ज्योत धरून प्लगच्या भोवतीचा भाग तापवला. प्लगच्या डोक्यावर एक नट वेल्डिंग करून चिकटवला, त्यावर पान्हा चढवला, पान्ह्यात लांब पाइप घातला आणि अंगाचा सगळा भार टाकला. कट्कन आवाज झाला आणि प्लग फिरला.

तेलाची धार लागलीच नाही. खळ गळावी तसा गोळ्यागोळ्यांनी काळा लगदा खाली ठेवलेल्या घमेल्यात पडत राहिला. मी तो बोटांनी पसरून बघितला. लाकडाचा भुसा होता, आणि त्यात गिअरच्या दाताचा एक तुटका तुकडा.

झिजलेला गिअरबॉक्स रडतो. त्यात भुसा कोंबला की तो गप्प होतो आणि घेणाऱ्याला काही कळत नाही. पण आतल्या बेअरिंगना मग तेल मिळत नाही. सपाटीवर गाडी चालत राहते. घाटात सगळा भार गिअरवर येतो, बॉक्स जागीच आवळला जातो आणि चाकं असतील तिथे थांबतात, वळण असो नाहीतर दरी. भुसा भरणाऱ्या माणसाला दादा कसाई म्हणायचा.

तो आता काठावर उकिडवा बसला होता. तासाभरात पहिल्यांदा मला त्याचा चेहरा दिसला.

"सात वर्षं चालली की," तो म्हणाला.

"गावात ब्रेड वाटत फिरत होती, दादा. घाट कधी बघितला तिने?"

"त्या वर्षी काम नव्हतं. गाड्या विकणारा दलाल मागे लागला होता, आवाज बंद करून दे म्हणून."

"अशा किती गाड्या?"

"आठवत नाही."

मला मात्र एक गोष्ट आठवली. सांडलेलं तेल टिपायला शेजारच्या सुताराकडून भुशाची पोती मीच आणायचो. त्या वर्षी भुसा फार लवकर संपायचा. पोतं कमी भरतोस म्हणून मी त्या गरीब सुताराशी भांडूनही आलो होतो.

"नवीन तेल घाल," दादा हळूच म्हणाला. "पण नुसतं तेल नको. आवाज करेल. जावयाला कळेल."

तो काय सांगतोय हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. कोपऱ्यातलं पोतं त्याने आधीच काठाशी ओढून ठेवलं होतं.

"छकुली बसणार आहे त्यात. तान्हं पोर घेऊन."

"हळू चालवतो तो."

त्या क्षणी मला माझ्या भावाची भीती वाटली. प्लग खिशात टाकून मी शिडीने वर आलो आणि पोतं लाथेने लांब ढकललं. "ही गाडी इथून हलणार नाही. मी सांगू, की तू सांगतोस?"

दादा जमिनीवरच बसला. मग म्हणाला, "तू सांग. पण तू केलंस म्हण. काकावर ती चार दिवस रुसेल. माझं तोंड परत बघणार नाही."

आमचा बाप लवकर गेला. मला वाढवलं ते दादाने. त्याने मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं.

ती दोघं जेवून आली. मी घमेलं त्यांच्यासमोर धरलं. "भुसा आहे हा. अशी गाडी घाटात जाऊ शकत नाही. सात वर्षांपूर्वी ही आपल्याच गॅरेजमधून विकली गेली होती." थांबलो असतो तर पुढे बोलताच आलं नसतं. "भुसा मी भरला होता."

जावयाने घमेल्यातला तुटका तुकडा उचलून उजेडात धरला. छकुलीने बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. "काका, तू?" मग ती वळून बापाकडे बघत राहिली. दादाला बोलायचं असतं तर तेवढा वेळ पुरेसा होता.

दादा उठला. हात पुसून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि बाळाच्या पाठीवर हात ठेवला.

"किती वेळा सांगितलं होतं मी याला," तो म्हणाला. "ऐकेल तर शपथ." आणि त्याच्या आवाजात खरोखरचा राग होता.