कानबाईच्या सोमवारची हजेरी

"मॅडम, आम्हीन बी जाऊत का देखाले?"

यास्मिनने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कोकिळा मॅडम फोनवरचा निरोप चौथ्यांदा वाचत होत्या. निरोप दोनच ओळींचा होता. पटपडताळणी पथक आज अकरा ते एकच्या दरम्यान येईल. सर्व विद्यार्थी प्रत्यक्ष उपस्थित असावेत.

वर्गात प्रत्यक्ष उपस्थित होती ती दोन मुलं. चौथीतली यास्मिन आणि पहिलीतला तिचा भाऊ सैफ. सैफने दप्तर पाठीवरून काढलंही नव्हतं. त्याचे कान खिडकीबाहेर होते. गावातून डफाचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात बायकांचं गाणं, उकळीत तांदूळ वरखाली व्हावेत तसं.

"आज कोन येस शाळामा?" ओट्यावरून वच्छलाबाई म्हणाल्या. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाईंच्या पुढ्यात तांदळाचं सूप होतं, पण बोटं गाण्याच्या ठेक्यावर चालली होती. "कानबाई उठनी. बठ्ठं गाव नदीवर जाई ऱ्हायनं. हाऊ तांदूय निवडी टाकस नि मी बी जास."

चूक मॅडमचीच होती, किंवा नेटवर्कची. श्रावणातल्या ह्या सोमवारी, कानबाई नदीवर जाते त्या दिवशी, आंबेझिरीची शाळा आजवर कधी उघडलीच नव्हती. मुख्याध्यापकाच्या हातात वर्षाला दोन सुट्ट्या असतात, त्यातली एक कानबाईची, हे ठरलेलं. यंदा मात्र त्या सुट्टीचा प्रस्ताव आधी ऑनलाइन भरायचा होता. तीन दिवस पान उघडलं नाही. चौथ्या दिवशी उघडलं, तेव्हा मुदत संपली होती. पथक दुसऱ्या जिल्ह्यातलं. त्यांच्या कॅलेंडरात कानबाई कुठून असणार?

त्यांनी हजेरीपट उघडला. वीस नावं. वीसच्या आत पट असलेल्या शाळांची एक यादी होणार होती, आणि त्या यादीतल्या शाळा दुसऱ्या मोठ्या शाळेला जोडायच्या होत्या. आंबेझिरीची मुलं मग फाट्यावरच्या शाळेत जातील. साडेचार किलोमीटर. मधे नाला, पावसाळ्यात रस्त्यावरून वाहणारा. मॅडमनी हिशेब मनात शंभरदा केला होता. मुलगे जातील, कुणी सायकलवर, कुणी ट्रॅक्टरवर लटकून. मुली नऊ होत्या. त्यातल्या चार जातील. उरलेल्या पाचांची घरं, त्या घरांची दारं, त्या दारात उभ्या राहून 'आते पुरे व्हयनं शिक्षन' म्हणणारी माणसं, सगळी त्यांना एकेक करून दिसत होती.

आणि त्या वीस नावांत एक नाव असं होतं, की त्याच्यापुढे जूनपासून 'गै' एवढंच लिहिलेलं होतं. मेघा.

अक्षय्यतृतीयेनंतर मेघाचे आईबाप तिला घेऊन सुरतेला गेले, साड्यांच्या कारखान्यात. शाळा उघडली तेव्हा तिचे आजोबा कौतिक आबा दारात येऊन उभे राहिले होते. टोपी हातात. "मॅडम, नाव काटू नका. कानबाईले ई ती. तठे करमनं नही ते ऱ्हाई जाई आठेच." नियमाने नाव केव्हाच कापायला हवं होतं. मॅडमनी कापलं नाही. रोज खरी गैरहजेरी मांडली, म्हणजे खोटं काही लिहिलं नाही, असं स्वतःला सांगत राहिल्या.

"मेघा बी उनी शे, मॅडम," यास्मिन म्हणाली. ती पटावर वाकून नावं वाचत होती. "काल आमना घर उन्ती. तिले तठे शाळामा टाकं. निळा फ्रॉक दिधा म्हने, नि टाय बी. उद्या परत जाई ऱ्हायनी."

मॅडमनी पट मिटला.

बाहेर मोटारसायकल थांबली.

पथक म्हणजे एकटेच साहेब होते, पन्नाशीचे. हेल्मेट काढून त्यांनी आधी पाणी मागितलं, एक गोळी घेतली, मग वर्गात डोकावले. कुलथे, असं त्यांनी नाव सांगितलं.

"दोन?"

"बाकीची नदीवर आहेत, साहेब. आज कानबाई."

"म्हणजे काय?"

नारळावर डोळे रेखून, नथ घालून काल संध्याकाळी घरोघर देवी बसली होती. रात्र गाण्यात गेली. आज बायका तिला डोक्यावर घेऊन गिरणा नदीवर चालल्या होत्या. तिच्या रोटाचा, म्हणजे नैवेद्याच्या पोळीचा, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने मोजून घेतात. सुरतेला गेलेल्याची मूठ निघते, पुण्यात असलेल्याची निघते, काल जन्मलेल्याचीही निघते. ह्यातलं काय सांगावं?

"आमच्याकडे सगळं गाव जातं," त्या एवढंच म्हणाल्या. "नदी इथंच आहे. तुम्ही आलात तर मुलं मोजून होतील."

"हजेरी शाळेत घ्यायची असते, बाई."

"शाळेतून नदी दिसते, साहेब."

साहेबांनी फोन काढला, ओट्यावर उभं राहून काहीतरी पाहिलं. "ॲप शाळेपासून तीनशे मीटरपर्यंतची हजेरी चालवून घेतं," ते म्हणाले. त्यांना अजून तीन शाळा करायच्या होत्या. "चला."

सैफ आणि यास्मिन पुढे पळाली. वाटेत एका घरासमोर पिवळी व्हॅन उभी होती. भडगावच्या इंग्रजी शाळेची. गावातली अकरा मुलं तिच्यात बसून रोज जात.

"ही तिकडे का जातात?" साहेबांनी विचारलं.

"तिथं टाय असतो."

साहेब हसले. मग म्हणाले, "तुम्ही किती वर्षं इथं?"

"एकोणीस. दुसरे सर मतदार यादीच्या कामाला आहेत, म्हणून सध्या चारही वर्ग मीच. आणि आता दोन वर्षांत टीईटी पास व्हायचीय. पन्नासाव्या वर्षी. रात्री बालमानसशास्त्र वाचते, दिवसा बालकं बघते. दोन्हींचा मेळ बसत नाही."

"मुलांना प्रमाण मराठी येतं का?"

"दुसरीपर्यंत अहिराणीतून मराठीत आणते. मागं एकदा फळ्यावर 'हाई काय शे?' असं लिहिलं होतं, म्हणून माझ्याकडून लेखी खुलासा मागवला होता. गेल्या महिन्यात त्याच कार्यालयातून प्रशिक्षणाचा व्हिडिओ आला, मुलांशी घरच्या भाषेत बोला म्हणून. नवं धोरण आहे. धोरण चांगलं आहे, साहेब. लिहिणाऱ्यानं लेकरू मांडीवर घेतलेलं असणार. पण ते आमच्यापर्यंत येता येता त्याचा रकाना होतो, आणि मग मी मुलांकडं पाठ करून रकाना भरत बसते." त्या थांबल्या. आपण फार बोललो असं त्यांना वाटलं. "माझा खुलासा अजून फाईलमध्येच आहे."

नदीवर गुलाल नव्हता, पण हळदीकुंकवाने वाळू रंगली होती. बायका ओळीने उभ्या होत्या, डोक्यावर पाट, पाटावर देवी. लुगड्यांचे पदर ओले. कुणीतरी म्हणत होतं आणि बाकीच्या झेलत होत्या:

माय चालनी नदीले, मांगे चालनं बठ्ठं गाव,
दूर गयात ज्या लेकरे, त्यास्नं तोंडी ऱ्हाऊ दे नाव.

शाळा समितीचे अध्यक्ष जीवराम भाऊ डफ वाजवत होते. मॅडमबरोबर अनोळखी माणूस आणि त्याच्या हातात कागद पाहिला, आणि डफ तिथंच थांबला.

"पटवाला?" त्यांनी हळूच विचारलं. मॅडमनी मान हलवली. जीवराम भाऊंनी एकच हाक दिली. "शाळाना पोरे! आठे या रे बठ्ठा! लाईन करा!"

मुलं पाण्यातून, वाळूतून, आयांच्या पदराआडून आली. कुणाच्या चड्डीतून पाणी गळतंय, कुणाच्या कपाळभर हळद. मॅडमनी नजरेनेच मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीसच.

कौतिक आबा चार पावलांवर उभे होते. मॅडम त्यांच्याकडे वळल्या आणि जे बोलायचं नाही असं सगळ्या वाटेने ठरवत आल्या होत्या, तेच बोलल्या. "आबा, मेघा कुठंय?"

आबांचा चेहरा उजळला. "आठेच शे ना! मेघा! ओ मेघा!"

मेघा आली. नवा फ्रॉक, हातात पुरणाच्या रोटाचा तुकडा. तिने तो घाईघाईने तोंडात कोंबला आणि कुणी न सांगता आपल्या जागी, उंचीप्रमाणे यास्मिनच्या पुढे जाऊन उभी राहिली. यास्मिन थोडी मागे सरकली.

साहेब ओळीच्या टोकाला गेले. नाव काय, कितवीत, हा शब्द वाच. एकेक मूल उत्तर देत होतं. सैफने शब्द वाचला नाही, पण सगळ्यांना सलाम केला. गाणं थांबलं होतं. सगळ्या बायका पाट डोक्यावर तोलत बघत होत्या. सोळा. सतरा. अठरा.

"नाव?"

"मेघा."

"कितवी?"

"चौथी." मग तिने फोनवरचा शब्द वाचला. 'पाऊलवाट'. न अडखळता. मॅडमनीच शिकवलं होतं तिला वाचायला, ह्याच नदीवर, वाळूत काठीने अक्षरं काढून.

साहेबांचा अंगठा फोनवर टेकायला आला होता. मग त्यांनी सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "रोज येतेस ना शाळेत?"

मेघाने मॅडमकडे पाहिलं.

ती घाबरली नव्हती. उत्तर येत नसलं की मुलं जशी बघतात, तशीच ती बघत होती. मॅडम जे सांगतील ते ती म्हणणार होती. हो म्हणायला सांगितलं तर हो. मागे जीवराम भाऊंनी घसा खाकरला. आबांच्या ओठांवर 'हो' तयार होतं. मॅडमना नाला दिसला, पाच दारं दिसली. आणि समोर ते दोन डोळे, उत्तराची वाट बघणारे.

"नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "ती आता सुरतेला शिकते. कानबाईला आलीय. उद्या जाईल."

एका पाटावरच्या देवीची नथ वाऱ्याने हलली, तेवढीच हालचाल. साहेबांनी अंगठा उचलला, यास्मिनचं नाव विचारलं, आणि रकाना भरला. एकोणीस.

जाताना त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. "बाई, मी वीस लिहिले असते."

"माहीत आहे."

"मग?"

"तिनं माझ्याकडं बघितलं, साहेब."

साहेबांनी फोन खिशात ठेवला. यादी वर जाईल, पुढचं आपल्या हातात नाही, असं काहीसं बोलले आणि मोटारसायकलकडे निघून गेले.

"येक सबद नही बोलतात ते काय बिघडतं तुमनं?" जीवराम भाऊ आता मोठ्याने बोलले, सगळ्या गावासमोर. "खरंनी पूजा करा आते! शाळा गयी ना वाहीसन!"

मॅडमना इतक्या वर्षांत गावात आवाज चढवायची वेळ आली नव्हती. आताही तो चढला नाही. "जीवराम भाऊ, तुमचा नातू त्या पिवळ्या गाडीतनं जातो. तो इथं असता तर वीस झाले असते."

बायकांतून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. जीवराम भाऊंनी डफ उचलला, पण वाजवला नाही. कौतिक आबा वाळूकडे बघत होते. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या. "आबा, चूक माझी. मी तिला बोलवायला नको होतं."

"नही मॅडम," आबा म्हणाले. "मी नाव राखा म्हनी सांगं व्हतं. मालेच वाटे, नाव ऱ्हायनं ते पोर बी ऱ्हाई."

देवी पाण्यात गेल्या. मुलं मॅडमच्या मागे शाळेत आली, ओल्या पायांनी, न बोलावता. मेघाही आली. मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात पट एकोणीस, हजर एकोणीस असं लिहिलं. खडू दोनदा मोडला.

"कितलासना तांदूय टाकू?" वच्छलाबाईंनी विचारलं. "मी दोननाच भिजाडेल शे."

"वीस जणांचा टाका."

"ॲपमा?"

"ॲपमध्ये एकोणीस. विसावी माझ्याकडून."

खिचडी शिजेपर्यंत मॅडमनी कपाटातून दाखल्यांचं पुस्तक काढलं. छापील रकाने भरायला त्यांनी शाईचं पेन शोधलं. मेघा टेबलाला टेकून बघत होती. नाव, आईचं नाव, जन्मगाव आंबेझिरी. मॅडमचं अक्षर एरवी रकाने भरताना पळत असे. आज त्या सावकाश लिहीत होत्या, पहिलीच्या मुलाला गिरवायला देतात तसं वळणदार. प्रगती, चांगली. वर्तणूक, उत्तम. शाळा सोडल्याचं कारण ह्या रकान्याशी त्या थोड्या थांबल्या आणि मग तोही भरला.

"हाई माले तठे देनं पडी का, मॅडम?"

"हो. तिथल्या बाईंना द्यायचं. दुमडू नकोस. आणि बोट लावू नकोस अजून, शाई ओली आहे."

मेघाने दोन्ही हात पाठीमागे घेतले, टेबलावर वाकली आणि गाल फुगवून आपल्या नावावर हळूहळू फुंकर घालू लागली.