वरच्या मजल्यावरची खुर्ची

हे गेल्यावर तीन खोल्यांचं घर सोडून मी एका खोलीत राहायला आले. सामान कमी करायला लेक दोन दिवस रजा काढून आली होती. एकेक वस्तू उचलून विचारायची, "वर्षभरात हिला हात लावलायस?"

"वर्षभरात तूही फिरकली नव्हतीस. तुलाही टाकू का?"

हसली, पण तिचा हात थांबला नाही. सहा पातेल्यांची दोन झाली, चार गाद्यांची एक. ह्यांच्या डुलत्या खुर्चीपाशी मात्र घुटमळली. मीच म्हटलं, "ती आधी ने." इथे माझ्या खोलीच्या वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी राहते, तिच्या म्हाताऱ्या वडिलांना ती देऊन टाकली.

लेकीला वाटलं, आईनं मन घट्ट केलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालं होतं. एकेचाळीस वर्षं त्या खुर्चीनं मला उठवलं होतं. हाक मारायची ह्यांना सवयच नव्हती. डुलणं थांबायचं, टाच एकदा जमिनीवर आपटायची, की मी हातातलं टाकून समोर उभी. उशीर झाला तर चार-चार दिवस अबोला. आता रिकाम्या खोलीत पाय पसरून बसायचं आणि कुणासाठी उठायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

चार दिवस बसले. पाचव्या दिवशी दुपारी छतातून करकर आली. मागे जाताना लांब, पुढे येताना तुटक. मग थांबली. टाच आपटली.

भानावर आले तेव्हा मी गॅसपाशी उभी होते. चहाचं आधण उकळत होतं आणि ओट्यावर दोन कप काढलेले होते.

मग रोज तेच. खाट या भिंतीची त्या भिंतीला लावून पाहिली, पण एवढ्याशा खोलीत छत टाळून जाणार कुठे? पूर्वी कपाटं, ट्रंका, गाद्या आवाज गिळायच्या. आता टाच थेट छातीवर पडायची.

शेवटी वर गेले. खुर्ची परत मागायची आणि भंगारात घालायची, असं ठरवूनच. शिवणवाली मशीनवरून उठली. तिचे वडील डुलता डुलता खुर्चीतच झोपले होते.

"किती उपकार झाले काकू तुमचे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी मशीनवर असले की हे एकटेच उठायला जायचे. दोनदा पडलेत. आता टाच टेकवून उठायला लागतात, तेवढ्यात तुमचा आवाज येतो, की बसतात परत. मी येईपर्यंत हलत नाहीत."

"माझा आवाज?"

"'आले, आले' म्हणता ना तुम्ही. रोज. मला वाटलं, त्यांच्यासाठी मुद्दाम म्हणता."

मी काहीच मागितलं नाही. जिना उतरताना कठडा घट्ट धरला. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी बोलते हे मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी करकर थांबली, टाच आपटली. मी तोंडावर तळहात दाबून बसून राहिले. वर शांत. पुन्हा टाच. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू. मी हलले नाही.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. शिवणवाली होती, गळ्यात टेप तसाच.

"काकू, बऱ्या आहात ना?"

"पडले का ते?"

"नाही हो. तसेच बसलेत वाट बघत. विचारतायत, खालच्या बाई रागावल्या का."

इतकी वर्षं जे सांगत आले होते, तेच तोंडातून निघालं. "सांग त्यांना, कामात होते."

तिनं माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली. त्या खोलीत काम म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. "सांगते," म्हणाली आणि लगबगीनं जिना चढली.

वर खुर्ची पुन्हा डुलायला लागेपर्यंत मी दारातच उभी होते.